फाटकाकडे तोंड
साकोलीच्या त्या दुकानात कॅमेरे काचेखाली मांडून ठेवले होते, सोनाराकडे दागिने ठेवतात तसे. आई शेजारच्या स्टुलावर बसली होती आणि चेहरा असा, की जणू तिलाच कुणाला दाखवायला आणलंय.

बाबा गेल्यापासून आई गावात एकटी राहते. त्या पावसाळ्यात ती घरामागच्या सांदवाडीत घसरून पडली. उठता येईना. शेजारीण भाजी द्यायला आली म्हणून कळलं तरी. मी तिकडे लांब जवाहरनगरला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, मला बातमी संध्याकाळी लागली. मी तेव्हाच सांगून टाकलं, एक तर घराबाहेर कॅमेरा लागेल, नाहीतर घराला कुलूप लावून तू माझ्याकडे येशील. माझा स्वभावच तसा, काळजी केली तरी लोकांना धमकी वाटते. आईला गाव सोडायचं नव्हतं, म्हणून बिचारी दुकानापर्यंत आली होती.

दुकानदार उत्साही होता. "हा फिरते ताई. मानूस जिकडे जाईन तिकडे मान वळवते. हा एका जागी राहते, पन सोलरवर चालते, सिम टाकलं का झालं. आता तुमी सांगा, चोराले पाहाचं हाय का मायले?"

खरं म्हणजे चोराची मला काडीची फिकीर नव्हती. आमच्या घरातून तो नेणार काय, धानाची पोती पाठीवर टाकून पळणार थोडाच! मी फिरणाऱ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, हा घरापुढच्या पडवीत, आमच्या सपरीत लावू, म्हणजे आई तिथे बसली-उठली की दिसेल.

"मी का कोंबडीचं पिल्लू आहो?" आई स्टुलावरूनच म्हणाली. "भाजी निवडतो, पाय पसरून बसतो, तेबी तू पाहात बसशीन? मले पाहाचं असन त घरी ये."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मला चांगलाच राग आला. शेवटी तिच्याच मनासारखं झालं. एका जागी राहणारा, साधा कॅमेरा. तो सपरीच्या खांबावर लागला आणि त्याचं तोंड फाटकाकडे. येणारा-जाणारा दिसला म्हणजे पुरे, असं तिचं म्हणणं. मी कुरकुरत पैसे दिले.

पुढे काय, दिवसभर माझा फोन वाजायचा. हालचाल झाली, हालचाल झाली. बघावं तर शेजारणीची बकरी फाटकातून आत तोंड घालतेय. माझ्या सासरच्या माणसांपेक्षा त्या गल्लीतल्या बकऱ्या मला जास्त ओळखू यायला लागल्या. पण रोज सकाळी चहा उकळताना मी फोन उघडायची, आणि फाटकाच्या आत, झाडलेल्या अंगणात रांगोळी असायची. छोटीशीच, वर हळदीकुंकवाची चिमूट. म्हणजे आई उठली, वाकली आणि सरळही झाली. मग मी निवांतपणे पोळ्या लाटायला घ्यायची. यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही.

धानाच्या कापणीत मी गावी गेले. फाटकापाशी रांगोळी होती. आत गेले तर उंबरठ्यासमोरची पायरी कोरी. माझ्या लहानपणापासून आईची रांगोळी त्या पायरीवरच असायची, फाटकाशी कधीच नाही.

"आई, उंबऱ्यापाशी काहून नाही काढली वं?"

आई सुपात तांदूळ निवडत होती. "तिथं काढली त तुले कुठून दिसन?" एवढं म्हणून तिने सूप माझ्याकडे सरकवलं. "खडे काढ."

मला तांदळातले खडे दिसेनात, इतकं भरून आलं. माझ्याकडे पाहू नको म्हणून भर दुकानात भांडणारी बाई रोज माझ्यासाठी रांगोळी चार पावलं पुढे नेत होती. त्या दिवशी दुकानात तिने मला हरवलं, याबद्दल मी तिची आयुष्यभर ऋणी राहीन.

आणि मग थंडीतली ती सकाळ. अंगणात पालापाचोळा तसाच, रांगोळी नाही. फोन लावला, उचलला नाही. शेजारणीचाही वाजत राहिला. बॅग काढली, हाताला येतील ते कपडे कोंबले. आता काही एक ऐकायचं नाही, घराला कुलूप लावायचं आणि तिला घेऊन यायचं, असं मोठ्याने बोलत होते, ऐकायला कुणी नसताना.

तेवढ्यात फोन वाजला. बकरी असेल म्हणून पाहिलं, तर आई. बाहेरून फाटक ढकलून आत आली. रोज रांगोळी असते बरोबर त्या जागी थांबली. डोक्यावर पदर घेतला, मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि फोटो काढायला उभं राहावं तशी उभी राहिली. कितीतरी वेळ. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं, तरी ती तिथेच.

मग तिचा फोन आला.

"तुही मोठी काकू गेली पहाटे. तिकडंच होतो मी, फोन घरी राहिला." तिचा आवाज बसला होता. "आता सुतक हाय बाई. रांगोळी नाही काढता येत. म्हनून मीच उभी राहिली. दिसली का?"

"दिसली, आई," मी म्हटलं, आणि बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवले.