दहा मिनिटं पुढचं घड्याळ

मुलुंडमधल्या वीसेक इमारतींना मी इंटरनेट पुरवतो. खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन गच्च्या चढण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे कोणी शहाणपण शिकवलं की माझं डोकं फिरतं.

त्या सकाळी रस्ता खोदताना एका सोसायटीची मुख्य लाइन तुटली. ऑफिसातल्या सॉफ्टवेअरमधून त्यांचं नेट दुसऱ्या लाइनवर वळवायचं, की झालं. सेक्रेटरींनी बजावलं, "अकराला कमिटी बसतेय. तोवर नेट नाही आलं तर काम दुसऱ्याला देणार."

सॉफ्टवेअर मला आत घेईना. पासवर्ड टाकला की म्हणे, ‘तुमची वेळ संपली आहे, पुन्हा लॉगिन करा.’ सात वेळा केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच.

शेवटी अंधेरीच्या ज्या कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं होतं, तिला फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या करारात दुरुस्ती धरलेली नाही. भाव पाडायला तुम्हीच काढून टाकायला लावलीत."

खरं होतं. करार झाला त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

"भाजीवालाही वर कोथिंबीर फुकट देतो," मी म्हणालो. "तुम्ही एक सल्ला तरी द्या."

"बरं. कालपासून काही बदललंत का?"

"काही नाही."

"नक्की, सर?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" मी फोन कापला.

तक्रारींचा फोन सांभाळणारी माझी बायको समोरच बसली होती. "अहो, आणि काल कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे केलंत, ते?"

माझी माणसं उशिरा येतात, म्हणून मी ते दहा मिनिटं पुढे सारलं होतं. घरची सगळी घड्याळं तशीच आहेत; त्याला बदल कोण म्हणतं? पण हे सॉफ्टवेअर कंपनीच्या घड्याळाप्रमाणे एका वेळी पाचच मिनिटांचा प्रवेश देतं. आमच्या घड्याळाप्रमाणे तो मिळायच्या आधीच संपत होता.

"आता काय उपयोग? अकरा वाजून गेले," मी स्क्रीनकडे बघून म्हणालो.

"तुमच्या घड्याळात."

घड्याळ मागे घेतलं. अकराला आठ मिनिटं बाकी होती. सॉफ्टवेअर निमूट उघडलं, लाइन वळवली आणि अकराच्या आत सेक्रेटरींचा फोन आला, "आलं हो नेट."

दुपारी त्या मुलीने चौकशी केली. "आपोआप झालं," मी सांगितलं. सल्ला मागितला तर उलट प्रश्न विचारते, हा राग अजून आहे.

कॉम्प्युटरच्या घड्याळाला हात लावायची मला आता बंदी आहे. भिंतीवरचं मात्र मी पंधरा मिनिटं पुढे केलंय.