किल्ली कुणाकडं?

मे महिन्यात आमच्या गल्लीतली कुलपं उघडतात. वर्षभर बंद असलेल्या बंगल्यांपुढं परराज्यांतल्या नंबरप्लेटच्या गाड्या येऊन थांबतात, पाण्याच्या टाक्या धुतल्या जातात आणि आमचं विटा गाव एकदम भरून जातं. इथले बरेचसे पुरुष बाहेरगावी गलाईच्या दुकानात असतात. गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम. आमचं दुकान कोइमतूरला. माझी शाळाही तिथलीच, इंग्रजी माध्यमाची. गावात मला नावानं फारसं कुणी ओळखत नाही. मी कोइमतूरवाल्यांची धाकटी.

यंदा येताना मी बॅगेतून कादंबरीचं पहिलं प्रकरण आणलं होतं. सांगलीच्या एका प्रकाशक बाईंनी फोनवर सांगितलं होतं, "सोमवारी घेऊन या. माणसं उभी राहिली असतील तर पुढचं बोलू." तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. घरी मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजीत लिहिलं असतं तर कागद टेबलावर उघडे टाकले असते. मराठीत होतं, म्हणजे कुणीही उचलून वाचलं असतं.

प्रकरणात एका घरातल्या सगळ्यांची ओळख करून दिली होती. सासरा उंच आणि तापट, सासू देवभोळी, थोरली सून अबोल, धाकटी हसरी. प्रत्येकाला एक परिच्छेद. मला ते फार व्यवस्थित वाटत होतं. मराठी कानाला कशी लागते हे मोठ्यानं वाचल्याशिवाय मला कळत नाही, म्हणून शनिवारी सकाळी गच्चीवर टाकीच्या मागं जाऊन वाचायला लागले. पलीकडं माझी आत्ती, वडिलांची बहीण, आणि शेजारच्या काकी कुरडया घालत होत्या. माझा आवाज तिथवर जात नसेल असं मला वाटलं होतं.

"कुणाची गं थोरली सून अबोल?" आत्तीनं विचारलं.

मी टाकीच्या मागून बाहेर आले. "कुणाची नाही. मनानं लिहिलंय."

"मनानंच. पर दुकान कुठं हाय त्यांचं?" काकी म्हणाल्या.

ते मी ठरवलंच नव्हतं. तोंडाला आलं ते सांगितलं, "गुंटूरला."

"मग गुंटूरवाल्यांची थोरली म्हण की. ती कुठली अबोल? परवा बाजारात भेटली, माझी भाजी घ्यायची राहिली तिच्या बोलण्यात."

"ती नाही हो काकी. ही वेगळी."

"आसू दे वेगळी. किल्ली कुणाकडं ठिवलीय त्यांनी?"

आमच्या गावात बंद घराची किल्ली कुणातरी माणसाकडं ठेवून जातात. ती कुणाकडं आहे यावरून त्या घरात कुणाचं कुणाशी पटतं ते गल्लीला कळतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि माझ्या प्रकरणात त्याचा पत्ताच नव्हता.

"दिराकडं आसल," आत्ती म्हणाली.

"वाटणी झाल्यावर? दिराकडं किल्ली देईल व्हय ती? शेजारणीकडं दिली आसल बघ."

"आन् शेजारीण गेली म्हसवडला लग्नाला, किल्ली कमरंला लावून."

दोघी हसायला लागल्या. आत्तीच्या हातातला सोऱ्या थांबला आणि कुरडईचा एक फेर वाकडा पडला. मला मात्र ते कुटुंब समोर दिसलं. गाडीतून उतरलेलं, लेकरं आणि सामान रस्त्यावर, दाराला कुलूप, डोक्यावर ऊन. मी सहसा कुणाला काही विचारत नाही, पण विचारलं, "आणि सासरा? तो काय करेल?"

"त्यो उतरायचाच न्हाई," काकी म्हणाल्या. "गाडीत बसून म्हणंल, एसी चालू ठिवा."

"सासू?"

"सासू पायरीवर बसंल, आन् सगळ्यास्नी ऐकू जाईल आसं विचारंल, किल्ली त्या शेजारणीकडं द्यायची अक्कल कुणाची."

"मग थोरली?"

आत्तीनं वाकडा फेर बोटानं सरळ केला. "तिनंच दिली आसंल गं. म्हणून गप हाय ती."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. खाली माझ्या खोलीत बसून सगळे परिच्छेद काढून टाकले. उंची, रंग, स्वभाव, सगळं. नवं प्रकरण गाडीचं दार उघडण्यापासून सुरू केलं. गल्लीतल्या खिडक्यांतून बायका अंदाज बांधतायत, कुठल्या दुकानाचे म्हणायचे हे, आणि थोरली कुलपाकडं पाहत उभी आहे. रविवारी संध्याकाळी ते पुरं झालं तेव्हा माझी बोटं दुखत होती आणि मला गावभर पळून यावंसं वाटत होतं.

सोमवारी सांगलीला बाईंनी माझ्यासमोरच वाचलं. मी चहाच्या कपाकडं बघत बसले. त्यांनी शेवटचं पान उलटलं, मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटं केलं.

"शेजारीण कधी येते मग?"

"अजून लिहायचंय," मी म्हणाले.

"लिहा की. झालं तेवढं मला पाठवत जा. मला ही कादंबरी करायचीय."

परतीच्या एसटीत तासगाव कधी मागं पडलं कळलं नाही. घरी आत्ती कुरडया डब्यात भरत होती. मी चप्पलही काढली नव्हती.

"आत्ती, ती गुंटूरवाली माणसं पुस्तकात येणार आहेत."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "घरात शिरली का न्हाई अजून?"

"नाही. उन्हातच आहेत."

"मग हितं काय उभी ऱ्हायलीस? जा, लिव्हायला बस. लेकरास्नी ऊन लागंल."