नरसिंहपूरच्या वाटेवर लागलेला लाल दिवा

डाळिंबाच्या सौद्यात मला आजवर कुणी फसवलेलं नाही. फसवलं ते सख्ख्या मेहुण्यानं. वायरिंग नवं आहे म्हणून त्यानं गळ्यात मारलेली जुनी जीप वाटेल तिथं बंद पडायची. तेव्हापासून त्याच्याशी बोलणं नाही. देवाकडेही मी व्यवहारानंच बघायचो. काम झालं तर अभिषेक. याला श्रद्धा म्हणावं का, याची मलाच शंका होती.

त्या दुपारी नरसिंहपूरचं दर्शन घेऊन आम्ही बारामतीला परतत होतो. वाटेत पत्नीला दम्याचा झटका आला. फवाऱ्याचं औषध मारूनही उतार पडेना, म्हणून गाडी इंदापूरच्या दवाखान्याकडे घेतली आणि जीप बंद पडली. किल्ली फिरवली तर साधा दिवाही लागेना. फ्यूज काढून पाहिला, तार शाबूत. तरी नवा घातला, काही नाही. रागाच्या भरात स्टीअरिंगखालच्या फ्यूजच्या डब्यावर मुठी मारल्या. रुग्णवाहिकेला वेळ लागणार होता. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि मागच्या सीटवर तिचे ओठ निळे पडत चाललेले.

मी मोठ्यानं नवस बोलू लागलो. आधी अभिषेक, मग चांदीचा मुकुट. बोली वाढवतच होतो, तेवढ्यात धापा टाकत ती म्हणाली, "अवो, देवासंगं बी घासाघीस करताय व्हय?"

मी बोली सोडून दिली. "नरसिंहराया, हिला तेवढं सांभाळ," म्हणालो आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. वाकताना उजवा गुडघा त्या डब्यावर दाबला गेला आणि समोर लाल दिवा लागला. गुडघा काढला की विझे, दाबला की लागे. तसाच दाबून धरून मी जीप सुरू केली आणि इंदापूर गाठलं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं दाखवलं. फ्यूज चांगला होता, पण तो ज्या पितळी पट्ट्यांत बसतो त्यांवर हिरवा गंज चढला होता. दाब पडला की तेवढ्यापुरता करंट जायचा. त्यानं पट्ट्या घासून दिल्या. यात देवाचं काय, असं लोक विचारतात. मी वाद घालत नाही. मुठी मारल्या तेव्हा दिवा लागला नव्हता, वाकलो तेव्हा लागला, एवढंच मला माहीत आहे.

मेहुण्यावरचा राग अजून गेलेला नाही. तोही आता देवानंच बघावा. नरसिंहपूरला मात्र आम्ही जातो. गाभाऱ्यासमोर ती शेजारी उभी असते. तिचा श्वास संथ चाललेला असतो. तो ऐकत मी नुसते हात जोडतो.