मठामागची दोन झाडं

जे झालं त्याला जबाबदार दत्तूनाना. माझे सख्खे चुलते, मठाचे कारभारी, गावात मान मोठा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या मठाचे किस्से एकावर एक साठत जातात आणि त्या ढिगात नेमका माणूस दिसेनासा होतो. गांजा कायदेशीर करावा का, यावर टीव्हीवर तावातावानं भांडणाऱ्यांनी एकदा आमच्या माढ्याकडं यावं.

*

मठात एका गोसावीबाबांची समाधी आहे. बाबा जिवंतपणी चिलीम ओढायचे. म्हणून दर अमावास्येला दिवस मावळताना म्हातारी मंडळी गांजा भरून चिलीम पेटवतात, समाधीला टेकवतात आणि मागं सरतात. पहिला झुरका बाबांचा. कुणाचा हात नाही, ओठ नाही, तरी निखारा फुलतो, मंदावतो, परत फुलतो. कुणीतरी सावकाश दम घ्यावा तसा.

मी म्हटलं, वारा असेल.

नाना म्हणाले, "मग दिवा का हालंना?"

शेजारचा दिवा खरंच हलत नव्हता.

*

तो गांजा येतो मठामागच्या आमच्या तुरीतून. तिथं दोन झाडं आहेत. कुणी लावली विचारलं, की नाना म्हणणार, बाबांनी. मी दोनदा उपटून कॅनॉलमध्ये टाकली. दोन्ही वेळा पंधरा दिवसांत त्याच जागी वर आली. नाना चिडलेसुद्धा नाहीत. आता तिसऱ्यांदा हात लावू नको, एवढंच म्हणाले.

*

ग्रामसभेत ठराव मांडला तोही नानांनीच. सरकारनं गांजाला परवानगी देऊ नये, तरणी पोरं वाया जातील. एकमतानं पास! मग शहाण्यांना वाटलं, बाबांनाही विचारावं. समाधीला कौल लावला. दोन ओली फुलं दगडाला चिकटवली. उजवं पडलं तर परवानगी, डावं पडलं तर बंदी. एरवी अर्ध्या तासात एक पडतंच. या वेळी तीन दिवस दोन्ही तशीच. वाळली, काळी पडली, पण दगड सोडेनात.

शेवटी नानांनी डावं फूल बोटानं पाडलं आणि हात जोडले.

*

मी तेव्हा सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. एवढं शिकणारा घरातला पहिलाच. परीक्षा महिन्यावर आलेली. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत विषय हाच निघाला. मी परवानगीच्या बाजूनं बोललो आणि मठाचं सगळं सांगितलं. "कायदा लावायचा तर माझ्या चुलत्यांनाही लावा, नाहीतर कुणालाच नको." टाळ्या, पहिला नंबर! व्हिडिओ माझ्याआधी गावात पोचला.

*

त्याच रविवारी भर दुपारी पोलीस आले. मी घरीच होतो. झाडं उपटायला गेले तर मुळं संपेनात, थेट समाधीच्या दगडाखाली गेलेली. शेवटी कोयत्यानं तोडली. मग साहेबांनी नानांना विचारलं, झाडं कुणाची?

नाना शांतपणे म्हणाले, "पोराचीच हायती. भाषान ऐकलं न्हाय व्हय तुमी?"

साहेबांनी मठातल्या बाकी चार म्हाताऱ्यांना एकेक करून लांब नेलं आणि विचारलं. चौघांनी हेच वाक्य म्हटलं. शब्द तेच, थांबले तेही तिथंच, आवाजसुद्धा नानांचाच वाटावा असा.

राहिले माझे वडील. ते कधी मठाची पायरी चढले नव्हते. जन्मापासून बोलताना अडखळतात, स्वतःचं नाव सांगायलाही वेळ लागतो त्यांना. ते समाधीकडं बघत राहिले. मग एकदाही न अडखळता म्हणाले, "पोराचीच हायती. भाषान ऐकलं न्हाय व्हय तुमी?"

जामीन मिळाला तोवर परीक्षा होऊन गेली होती. कॉलेजनं नाव काढून टाकलं.