माझे हात आणि कुसुमची सावड

“जीबीएस आहे,” डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, “कात्री धरता येईल का?” त्यांनी माझ्याऐवजी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांना माझ्या श्वासाची काळजी होती आणि मला शिवायला आलेल्या ब्लाउजांची.

जीबीएस म्हणजे गीयां-बारे सिंड्रोम. यात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते, मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही. मला आधी जुलाब झाले होते. ते थांबल्यावर आठवड्यानं पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. शिलाई मशीनवर बसून येत असतील, असं मी धरून चालले. तिसऱ्या दिवशी पायडल दाबवेना, चौथ्या दिवशी चहाचा कप हातातून सुटला. मुंग्या अशा पायांतून वर चढायला लागल्या तर घरी बसू नका, लगेच दाखवा.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात एनसीव्ही झाली. नसांमधून वीज सोडून ती किती वेगानं जाते ते बघतात. चटके बसतात, पण सोसवतात. लंबर पंक्चरमध्ये पाठीच्या कण्यातून पाणी काढतात. मग पाच दिवस आयव्हीआयजी, म्हणजे कितीतरी अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिकारशक्ती सलाइनसारखी देतात. ती घेताना मला जराही लाज वाटली नाही. शेजारणीची मदत घ्यायची मात्र वाटली.

“नसा हळूहळू भरून येतील,” डॉक्टर म्हणाले, “पण व्यायाम दिवसातून चार वेळा. तुमच्याकडून करून घेणारं माणूस हवं.”

माणूस कुठून आणायचं? शिरूरला घराच्या पुढच्या खोलीतच माझं ब्लाउजचं दुकान. टेलर आजारी आहे कळलं की बाया दुसरीकडं जातात आणि तिकडच्याच होतात, अशी मला धास्ती. म्हणून शटरवर पाटी लावली होती, ‘दौंडला माहेरी गेले आहे.’ हॉस्पिटलातून घरी आले तरी पाटी तशीच राहिली आणि मी खिडक्या लावून बसले. नवरा सणसवाडीच्या कंपनीतून दमून यायचा. चारऐवजी एकदा व्यायाम व्हायचा, तोही कधीमधी.

फिजिओथेरपीला मी तोंडाला स्कार्फ बांधून रिक्षानं जायचे. तिथं न्हावरे गावची कुसुम भेटली. आजार माझाच, पण माझ्यानंतर महिन्यानं झालेला. तिच्याबरोबर रोज तीन बाया. एक तिला धरायची, एक व्यायामाची चित्रं वहीत काढून घ्यायची, एक डबा सांभाळायची.

“बहिणी का?” मी विचारलं.

“न्हाई वो ताई, आमच्या विहारातल्या हायत्या. सावड केलीया. आज मी तुझ्या कांद्याला, उद्या तू माझ्या. तशा आता माझ्या हातापायाला लागल्यात. हात आला की जाईन त्यांच्या रानात खुरपायला.”

तिसऱ्या आठवड्यात कुसुमनं पाण्यानं भरलेला ग्लास उचलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला अजून कपड्याचा चिमटा दाबता येत नव्हता. मी “अरे वा!” म्हटलं आणि माझ्या पोटात आग पडली. तो ग्लास सांडावा असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू? आजारानं मला जितकं रडवलं नाही तितकं त्या ग्लासानं रडवलं.

मग मी फिजिओथेरपीच्या मॅडमकडं तक्रार केली. “फार गर्दी होते, माझं लक्ष लागत नाही.” मॅडमनी नियम केला, पेशंटबरोबर एकच माणूस. दुसऱ्या दिवसापासून कुसुमच्या दोघी बाहेर पायऱ्यांवर उन्हात बसू लागल्या. मला फार बरं वाटलं. दोन दिवस वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्याच पायऱ्यांवर माझा पाय मुडपला आणि मी कोसळले. उन्हात बसलेल्या त्या दोघींनीच मला उचललं. धडपडीत स्कार्फ सुटला.

“अगं बया, टेलरताई!” त्यातल्या रत्नामावशी म्हणाल्या. “तुमी तर दौंडला ना? सुनेचा ब्लाउज टाकायचा म्हनून दोनदा पाटी वाचून माघारी गेले मी.”

मी हुंदके देत सगळं सांगून टाकलं. पाटीचं खोटं सांगितलं, तक्रारीचंही. मावशींनी पदरानं मानेवरचा घाम पुसला.

“म्हंजी आमी तुमच्यापायी उनात बसलो व्हय? बरं, त्याचं नंतर बघू. पाय हलतोय का?” पाय हलला. “आता घरी कोन करून घेतं तुमचं?”

“कुणी नाही.”

“सावडीत येता का? पर फेडाय लागतंय. काय येतं तुमाला?”

“ब्लाउज. पण हातात बळ कुठंय?”

“तोंडात हाय ना? मग शिकवा.”

त्या दिवशी नवऱ्यानं पाटी काढली. दुपारी सावडीतल्या दोघीजणी यायच्या, माझी बोटं एकेक उघडायच्या, मिटवायच्या. मी तोंडानं कटिंग शिकवायचे आणि बोटांना व्यायाम म्हणून कात्री कुसुमच्या हातात असायची. उघडं शटर बघून गल्लीतल्या बायाही आल्या. ज्या सोडून जातील म्हणून मी लपले होते, त्यांतल्याच एकीनं सकाळचा व्यायाम उचलला. चार वेळा, अगदी डॉक्टरांनी सांगितला तसा. सातव्या महिन्यात मी कात्री धरली आणि सरळ रेघेत कापड कापलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर पाटी खरी लिहा. माणसांना आपोआप कळत नाही, त्यांना सांगावं लागतं. या बायांनी माझे हात परत दिले. त्यांचं मी किती फेडलं कोण जाणे, पण आज दुकानात दोन मशिनी आहेत आणि दुसरी कुसुमची आहे.

हेवा गेला असं मात्र समजू नका. ब्लाउजच्या मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, गोलाई साधायला मला काही वर्षं लागली, ती तिला दोन महिन्यांत आली. परवा एक गिऱ्हाईक माझ्यादेखत म्हणालं, “मला कुसुमच्याच हातचा हवा.” पुन्हा पोटात तीच आग. या वेळी मी मॅडमकडं गेले नाही, कुसुमलाच सांगितलं, “मला तुझा हेवा वाटतो गं.”

ती खळखळून हसली. “मग या की म्होरं. बसा आन् बघा मी मुंढा कसा कापते.”

मी स्टूल ओढलं, माझ्या हातांनी, आणि तिच्यासमोर शिकायला बसले.