बाबांच्या खोलीचा पाया

माझे बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावरही कुणाच्या घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी भिंतीला तडा कुठे गेलाय ते शोधायचे, आणि यजमानांना सांगायचेही. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई गेल्यावर ते माझ्याकडे दिलसुखनगरला आले. मी शाळेत शिकवते, एकटी राहते. माझ्या फ्लॅटमधले तडे सापडायला त्यांना एक सकाळ पुरली.

मग ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग मी सकाळी कुठे जाते ते. एकदा अफझलगंजच्या लायब्ररीत जाऊन येतो म्हणून निघाले आणि सापडले सिकंदराबाद स्टेशनच्या बाकावर. "गाडी लेट आहे," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वाढत जाणार. माणसं ओळखताहेत तोवर ज्यांना भेटायचंय त्यांना भेटू द्या.

बाबांना ओढ होती ती माझ्या धाकट्या भावाची. नुसतं भेटायचं नव्हतं, त्याच्याजवळ राहायचं होतं. इथे मी दोन्ही वेळा गरम वाढत होते, गोळ्या देत होते, आणि हे शेजाऱ्यांना सांगत होते, "माझं काय, मी आता मुलाकडे जाणार." मला राग यायचा. अजूनही येतो. पण म्हाताऱ्या माणसाचा जीव कुठे अडकावा हे काही आपल्या हातात नसतं.

भाऊ कॅनडात, उत्तरेकडच्या एका लहानशा गावात राहतो. त्याच्या घरात झोपायच्या खोल्या आणि बाथरूम वरच्या मजल्यावर, जिना उभा, आणि बाबांचे गुडघे कामातून गेलेले. हॉलमध्ये पथारी टाकून राहायला बाबा तयार नव्हते. म्हणून भावाने ठरवलं, मागच्या अंगणात त्यांच्यासाठी वेगळी खोली बांधायची. ती झाली की तिकीट काढायचं.

बाबांना एकदम तरतरी आली. रोज फोन, रोज चौकशी.

"बुनियाद किती खोल घेतोस?"

"पुरुषभर, बाबा."

"एका खोलीला? डोकं ठिकाणावर आहे ना?"

भावाने नीट समजावलं. तिथे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. मातीतलं पाणी बर्फ होऊन फुगतं आणि वरचं घर उचलून धरतं. म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो. बाबा म्हणाले, "म्हणजे आपली काळी मातीच की. आपली पावसात फुगते, तुझी थंडीत. हौ, मग जा खाली." त्या दिवशी मी शिक्षिका आहे हे त्यांना आठवत नव्हतं, पण हे कळलं.

गावच्या कचेरीतून बांधकामाची परवानगी आली ती नेमकी पितृपक्षाच्या तोंडावर. भाऊ लगेच खणायला निघाला. बाबा म्हणाले, "पितृपक्षात नक्को. तुझ्या आईची नवमी होऊ दे. घट बसले की कुदळ मार."

ज्या माणसाने नोकरीभर धरणांवर कधी अमावास्या पाहिली नाही, तो हे म्हणत होता. मी म्हटलं, "बाबा, थंडी काय तुमच्या तिथीसाठी थांबणार आहे?" ते म्हणाले, "तू यात पडू नको." मी भावाला वेगळा फोन केला. तो म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी ते माझ्याकडे काही मागतील की नाही, कोण जाणे. आत्ता मागताहेत, तर मी नाही कसं म्हणू?"

दसरा झाल्यावर काँक्रीट पडलं. भावाने चराच्या काठावर उभं राहून फोनवर दाखवलं. बाबांनी पहिलं काय विचारावं, तर "पाणी मारलंस का?"

"इथे पाणी मारत नाहीत, बाबा. पांघरूण घालतात. ओलं असताना गोठलं तर काँक्रीट वाया जातं."

"काँक्रीटला रजई," असं म्हणून बाबा खोकला येईपर्यंत हसले. आम्ही पंख्याखाली घामाघूम बसलो होतो.

हसू दोन दिवसांत ओसरलं. तिथलं तापमान माझ्या फोनवर दिसतं हे त्यांना एकदा कळलं, आणि ते मात्र विसरले नाहीत. दर थोड्या वेळाने विचारायचे, "किती झालं?" मी सांगायची, उणे चार. उणे सहा. एका दुपारी शाळेतून आले तर कपाटातल्या दोन्ही रजया खांद्यावर टाकून, चपला घालून ते दारात उभे होते.

"चल, उघडं पडलंय ते," म्हणाले.

मी त्यांना रागावले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. जगाच्या दुसऱ्या टोकाला एक चर गारठत होता आणि आम्ही दोघं इथे रजया घेऊन उभे होतो.

भाऊ कामावर असताना वादळ आलं. पांघरुणं उडाली, आणि तो परत येईपर्यंत चर पांढरा झालेला. तपासायला आलेल्या माणसाने खिळ्याने ओरखडा काढला, तर पीठ निघालं. सगळं फोडून काढा, असं सांगून तो गेला. आता बर्फ वितळेपर्यंत जमिनीला हात लावणं शक्य नव्हतं. भाऊ फोनवर हमसून रडत होता. या कामापायी त्याची सगळी रजा संपली होती, त्यामुळे इकडे येऊन जाणंही जमणार नव्हतं.

बाबांना मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "फोडायलाच पाहिजे. कच्च्या बुनियादीवर भिंत नको." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "खोली कुठवर आली?" मी परत सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत. दर वेळी त्यांचा चेहरा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उतरायचा. शेवटी मी "चाललंय" एवढंच म्हणायला लागले.

हिवाळाभर भाऊ रोज फोन करत राहिला. आधी बाबा त्याच्याशी बोलायचे, मग त्याचं नुसतं ऐकायचे, मग फोन माझ्या हातात द्यायचे.

उन्हाळ्यात नवा पाया झाला. भाऊ फोन घेऊन त्याच्याभोवती सावकाश फिरला. बाबांनी चष्मा लावला. खाली पक्का मुरूम लागला का, सळ्या किती जाडीच्या, पाणी कुठून काढणार, सगळं विचारलं. एकही प्रश्न अवांतर नव्हता. भाऊ उत्तरं देताना हसत होता.

"काम चोख आहे," बाबा म्हणाले. "राहणार कोण इथे?"

"तुम्ही, बाबा. तुमच्यासाठीच आहे."

बाबा जरा संकोचले. चष्मा काढला, पुसला.

"नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, आनंद वाटला. पण तिकडे कॅनडात माझा मुलगा माझ्यासाठी खोली बांधतोय. मला त्याच्याकडेच जायचंय."