मावशीची टाळी आणि मिशीवाला नट

अन्याय झाला तो आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या मावशीवर. माघातल्या मंगळवारी, सकाळी साडेनऊ वाजता, वाईच्या घाटावर, शंभरेक माणसांदेखत. मी तिथे होते, म्हणून लिहिते आहे.

मावशी तृतीयपंथी. गल्लीत केबल आली त्याच वर्षी सिनेमावाले वाईला आले आणि त्यांच्यातल्या एकाने शब्द दिला, "तृतीयपंथीयाचं काम आहे, तीन वाक्यं. तुम्हीच करा." मावशीने वाक्यं मशीन चालवत पाठ केली. ती ऐकल्याशिवाय कुणाचं माप घेतलं जाईना.

मंगळवारी ती ठेवणीतलं इरकल नेसून, घट्ट अंबाडा घालून गेली. दिग्दर्शकाच्या मदतनिसाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मावशी, तुम्ही तशा वाटत नाही हो."

"तशा म्हंजी कशा?"

"म्हणजे, प्रेक्षकांना बघताक्षणी कळलं पाहिजे."

"आवं, गावाला कळून चाळीस वरसं झाली. तुमास्नी अजून न्हाई कळलं?"

काम गेलं मुंबईच्या एका नटाला. त्याला झुबकेदार मिशी. ती काढायला तयार नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्याला दुसऱ्या सिनेमात फौजदार व्हायचं होतं. मग मिशीवर पदर ओढला. हा म्हणे बघताक्षणी कळणार!

पहिल्याच ठुमक्याला त्याचा ब्लाउज पाठीवर उसवला. शिवला कुणी? मावशीने, त्याला उभा धरून. मग त्याची टाळी वाजेना.

"आरतीला हुबा हायस का रं? पंजं आडवं धर, बोटं फाकव."

तरी फुसकीच. शेवटी मदतनिसाने माइक मावशीपुढे धरला. टाळी तुम्ही वाजवा, म्हणाला, सिनेमात नाव लावू. मावशीने वाजवली. पिंपळावरचे कावळे उठले आणि नायकाचं घोडं बिथरलं.

मी तिथेच 'जाहीर निषेध!' असं पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढून वाटलं. सिनेमावाल्यांनी त्यावर भजी घेतली. मावशी म्हणाली, "पोरी, कागुद र्‍हाऊ दे. नाव येणार हाय न्हवं?"

सिनेमा साताऱ्याला लागला तेव्हा गल्लीतली अकरा माणसं एसटीने गेली. मावशीला भरभर वाचता येत नाही, म्हणून मला शेजारी बसवलं. नावं सुरू झाली. जेवणवाल्याचं आलं. जनरेटरवाल्याचं आलं. घोड्याच्या मालकाचंसुद्धा आलं.

"माजं?"

"नाही आलं."

"परत बघ."

परत काय बघणार? पडद्यावर नायक घोड्यावरून निघालासुद्धा होता.

मग तो प्रसंग आला. नट पदर सावरत आला, टाळी कडाडली आणि आमची आख्खी रांग ओरडली, "मावशीची टाळी!" एकाने शिटी मारली. मागून कुणी विचारलं, "कुठाय मावशी?" रांगेतून उत्तर गेलं, "मावशी हितं हाय, टाळी तितं हाय!"

तेवढ्यात नायकाने त्या नटाच्या मुस्काटात ठेवून दिली. थेटर खदाखदा हसलं. आमची रांगही हसली, सवयीने. मीही. मग एकेकाने मावशीकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

मावशी पडद्याकडेच बघत होती. "टाळी माजी," ती म्हणाली, "मग मुस्काटात मारली कुणाच्या?"

तोच प्रश्न मी आता तुम्हाला विचारते. पत्रकावर भजी खाऊन झाली असतील तर हात पुसा आणि पोस्टकार्ड घ्या. ज्या सिनेमात, ज्या मालिकेत असा पदरवाला मिशीवाला दिसेल, त्याच्या निर्मात्याला लिहा: काम खऱ्या माणसाला द्या, आणि नाव लावा. त्या मुस्काटात मारण्याला तुम्ही हसला असाल, तर दोन लिहा. मी दोन लिहिली आहेत.